मोठ्या जातीच्या पिल्लासाठी ‘नो-पुल’ हार्नेस निवडताना

लॅब्रॉडॉरचं आठ आठवड्यांचं पिल्लू कडेवर घेऊन फिरता येतं. चार महिन्यांचं झालं की तेच १५ किलोच्या आसपास जातं, आणि सातव्या-आठव्या महिन्यात त्याने समोरच्या मांजराकडे झेप घेतली तर लीश (फिरवताना धरायची दोरी) धरणाऱ्याचा हात खांद्यापासून हिसकला जातो. ग्रेट डेनच्या वाढीचा वेग तर याहून जास्त. जन्मताना जेमतेम अर्ध्या किलोच्या आसपास असलेला हा जीव वर्षभरात ५० किलोच्या घरात पोचतो. ताकद दर आठवड्याला वाढत असते, समज मात्र अजून पिल्लाचीच असते.

याच सुमारास कुणीतरी ‘नो-पुल हार्नेस घ्या’ असं सुचवतं, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा, ओढ कमी करणारा पट्ट्यांचा साज. शोधायला गेलं की डझनावारी प्रकार समोर येतात आणि प्रत्येकावर दावा एकच: हा घातला की कुत्रा ओढणार नाही. हा दावा अर्धा खरा आहे. हार्नेस ओढणं थांबवत नाही, तो ओढण्याचा फायदा कमी करतो. ओढू नये हे पिल्लाला शिकवावं लागतं आणि ते शिकेपर्यंतच्या काळात हार्नेस हाताशी लागतो. शिवाय पिल्लाच्या बाबतीत ‘ओढ किती कमी होते’ हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न ‘खांदा मोकळा राहतो का’ हा. दुर्दैवाने जाहिरातीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर क्वचितच सापडतं.

ओढ येते कुठून

कुत्र्याची सहज चाल आपल्यापेक्षा वेगवान असते. आपल्या चालीने चालणं त्याच्यासाठी सततचा संयम आहे, आणि संयम पिल्लाकडे कमीच असतो. त्यात रस्त्यावरचा प्रत्येक वास त्याला पुढे बोलावत असतो. ते ओढतं, आपण दोन पावलं पुढे जातो, ते हव्या त्या झाडापाशी पोचतं. म्हणजे ओढण्याचं बक्षीस आपणच देतो, तेही दिवसातून कित्येकदा, आपल्या लक्षातही न येता.

दुसरं कारण शरीराचं. अंगावर दाब आला की कुत्रा त्या दाबाच्या विरुद्ध जोर लावतो. छातीवर पट्टी टेकली की त्या पट्टीत भार टाकून पुढे रेटणं त्याला सहज जमतं. बर्फावर स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांचे हार्नेस याच तत्त्वावर बनतात: ओझं मागे जोडायचं आणि भार छातीवर पसरवायचा, म्हणजे कुत्र्याला न दुखता जोरात ओढता येतं. पाठीवर लीश अडकवायची कडी असलेला साधा हार्नेसही जवळजवळ हेच काम करतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गळ्यातला पट्टा आणि छातीचा हार्नेस यांची तुलना केली होती. त्यात कुत्र्यांनी हार्नेसमध्ये जास्त जोर लावल्याचं दिसलं. म्हणून ‘हार्नेस घातला आणि कुत्रा आणखीच ओढायला लागला’ ही तक्रार खोटी नसते.

मग गळ्यातला पट्टाच बरा का? ओढणाऱ्या पिल्लासाठी नाही. गळ्यात श्वासनलिका आहे, रक्तवाहिन्या आहेत, थायरॉइड ग्रंथी आहे. पट्ट्याने ओढल्यावर डोळ्यांच्या आतला दाब वाढतो आणि हार्नेसने ओढल्यावर तसा वाढत नाही, हे २००६ च्या एका अभ्यासात मोजून दाखवलेलं आहे. २०२० मध्ये कृत्रिम मानेवर सेन्सर लावून निरनिराळे पट्टे तपासले गेले. जोराचा हिसका आला तर निर्धोक म्हणावा असा एकही पट्टा त्यात निघाला नाही. पट्टा गळ्यात असू द्या, नावाचा बिल्ला त्यालाच लावायचा असतो. लीश मात्र हार्नेसला.

‘नो-पुल’ची युक्ती कडीच्या जागेत आहे

दार बिजागरीजवळ ढकललं तर हलत नाही, कडेला धरून ढकललं तर एका बोटाने फिरतं. पुढच्या कडीचा हार्नेस याच हिशेबाने चालतो. लीश पाठीवर, शरीराच्या मध्याजवळ जोडली असेल तर पिल्लाला सरळ रेषेत जोर लावता येतो. तीच लीश छातीच्या पुढच्या टोकाला जोडली तर ओढ लागताच पिल्लाचं पुढचं अंग तुमच्याकडे वळतं. सरळ ओढता आलं नाही की अर्धी ताकद वाया जाते आणि तोंड तुमच्याकडे वळल्यामुळे तुम्हाला त्याचं लक्ष वेधायला एक क्षण मिळतो. त्या क्षणाचा उपयोग करता आला तरच या हार्नेसचा खरा फायदा आहे.

काही हार्नेसमध्ये छातीवरच्या पट्टीला छोटासा सरकणारा फास असतो. ओढलं की तो थोडा आवळतो, सोडलं की सैल पडतो. त्याला पक्की मर्यादा असेल, म्हणजे ठरावीक अंतरापुढे आवळत नसेल, तर तो चालतो. पण काखेतून बारीक दोऱ्या जाणारे आणि ओढल्यावर काखेतच आवळणारे जे प्रकार मिळतात, ते पिल्लासाठी घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. तिथली कातडी पातळ असते, केस विरळ असतात, आणि ते ओढणं थांबवतात ते दुखवूनच. तोंडावर चढवायचा हेड हॉल्टर हा हार्नेसच नव्हे. त्याने मोठा कुत्रा आवरतो हे खरं, पण धावत्या पिल्लाच्या थोबाडावर अचानक हिसका बसला तर मान पिळली जाते. तो वापरायचाच झाला तर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, आणि तोही पिल्लू मोठं झाल्यावर.

मी सुचवेन तो दोन कड्यांचा हार्नेस: एक छातीवर, एक पाठीवर. शिकवताना पुढची, मोकळं हुंगत फिरताना मागची. दोन टोकांना दोन हूक असलेली लीश मिळाली तर दोन्ही कड्या एकाच वेळी जोडता येतात, म्हणजे पिल्लू सारखं एकाच बाजूला वळत राहत नाही.

खांदा: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

आपला हात गळ्याच्या हाडाने छातीच्या पिंजऱ्याला जोडलेला असतो. कुत्र्याला तसं हाड नाही. त्याचा पुढचा पाय धडाला फक्त स्नायूंनी बांधलेला आहे, आणि शरीराचा साधारण ६० टक्के भार या पुढच्या दोन पायांवर असतो. चालताना खांद्याचं चपटं हाड बरगड्यांवरून पुढे-मागे सरकतं. पिल्लू चालत असताना त्याच्या खांद्यावर अलगद तळहात ठेवून पाहा. कातडीखाली ते हाड प्रत्येक पावलाला किती फिरतं हे हाताला कळेल, आणि हार्नेसची पट्टी कुठे असू नये हेही.

पट्ट्यांच्या रचनेवरून ढोबळ दोन प्रकार पडतात. एकात छातीवरून आडवी पट्टी जाते, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. दुसऱ्यात समोरून इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार दिसतो: मानेच्या दोन्ही बाजूंनी दोन पट्ट्या येतात, छातीच्या हाडावर मिळतात आणि एक पट्टी पुढच्या पायांमधून पोटाकडे जाते. आडवी पट्टी खांद्याच्या सांध्यावरून गेली तर पाय पुढे टाकताना दर वेळी तिला धडकतो. वायच्या रचनेत सांधा मोकळा सुटण्याची शक्यता जास्त, म्हणून बहुतेक जाणकार तीच सुचवतात. मीही सुरुवात तिथूनच करा असं म्हणेन.

तरीही नुसत्या आकारावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ‘व्हेटरनरी रेकॉर्ड’ या नियतकालिकात २०१९ मध्ये ९ कुत्र्यांवरचा एक अभ्यास आला. त्यात दोन्ही प्रकारांनी खांद्याचं पुढे उघडणं कमी केलं, आणि खांदा मोकळा ठेवणारा म्हणून ज्याची ख्याती, त्या प्रकाराने ते अधिक कमी केलं. नऊ कुत्र्यांवरून सगळ्या जातींचा निकाल लावता येत नाही. पण एवढं नक्की कळतं की नावावरून किंवा चित्रावरून हार्नेस ठरवता येत नाही, तो तुमच्याच पिल्लाच्या अंगावर चालवून पाहावा लागतो.

मोठ्या जातींत याची काळजी जास्त दिवस घ्यावी लागते. लांब हाडांच्या टोकांना कूर्चेचे थर असतात, हाडाची लांबी तिथूनच वाढते. वाढ संपेपर्यंत ते हाडापेक्षा मऊ आणि नाजूक असतात. लहान जातींत हे थर वर्षाच्या आतच हाडात बदलतात. लॅब्रॉडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांना त्यासाठी १२ ते १८ महिने लागतात, आणि ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड अशा महाकाय जातींना दोन वर्षांपर्यंतही. नीट बसलेला हार्नेस घालून रोज फिरायला जाण्यात घाबरण्यासारखं काही नाही. टाळायचं आहे ते महिनोन्‌महिने एकाच बाजूला तिरकं होऊन ओढत राहणं आणि अचानक बसणारे हिसके.

माप घेताना

वजनावरून दिलेल्या मापांच्या तक्त्याकडे दुर्लक्ष करा. ३० किलोचा डॉबरमन आणि ३० किलोचा लॅब्रॉडॉर यांच्या छातीची ठेवण पूर्ण वेगळी असते, एकाची खोल आणि अरुंद, दुसऱ्याची गोल आणि भरलेली. टेप घ्या, पिल्लाला सरळ उभं करा, समोर कुणालातरी खाऊ धरून बसवा. पुढच्या पायांच्या लगेच मागे, छाती सगळ्यात खोल असते तिथला घेर मोजा. मग मानेच्या तळाशी, खांदे सुरू होतात तिथला घेर. पिल्लू बसलेलं असताना घेतलेलं माप चुकतं, आणि गोल्डन रिट्रिव्हरसारखे दाट केस असतील तर टेप केसांवर सैल न ठेवता अंगाला टेकवावा लागतो.

‘वाढत्या अंगाचं घेऊया, पुढे होईल’ हा कपड्यांचा हिशेब इथे अंगाशी येतो. सैल हार्नेस घासतो, एका बाजूला फिरतो आणि पिल्लाने मागे सरकून झटका दिला की डोक्यावरून निघतो. आजचं माप हार्नेसला दिलेल्या मापांच्या खालच्या टोकाजवळ येईल असा आकार निवडा. म्हणजे आज तो नीट बसतो आणि काही आठवडे वाढवताही येतो. मान आणि छाती दोन्हीकडे वेगवेगळं सैल-घट्ट करता येणारा, चार-पाच ठिकाणी जुळवता येणारा हार्नेस पिल्लासाठी सगळ्यात सोयीचा. पूर्ण वाढ होईपर्यंत दोन-तीन हार्नेस बदलावे लागतील हे धरूनच चाला, आणि त्यामुळे पहिल्याच हार्नेसवर सगळा खर्च करू नका.

घातल्यावर आधी प्रत्येक पट्टीखाली दोन बोटं आडवी सरकवून बघा. सहज गेली पाहिजेत, पण पट्टी ओढून दूर करता येऊ नये. मग काख पाहा: पोटाभोवतीची पट्टी कोपराच्या मागे दोन-तीन बोटं तरी असावी. अगदी काखेत बसली तर दर पावलाला घासते. पुढची कडी छातीच्या हाडावर, बरोबर मध्ये यायला हवी. ती वर गळ्याकडे सरकत असेल तर ओढल्यावर दाब पुन्हा श्वासनलिकेवर जाईल आणि हार्नेस घेण्याचा हेतूच संपेल.

आता खरी परीक्षा. पिल्लाला कुणाबरोबर तरी दहा-पंधरा पावलं चालायला लावा आणि तुम्ही बाजूला, त्याच्या उंचीवर बसा. फोनवर चित्रीकरण केलंत तर फार बरं, संथ गतीत पाहता येतं. हार्नेसशिवाय ते पाय जेवढा पुढे टाकत होतं, तेवढाच आता टाकतं का? पावलं आखूड झाली, कोपरं बाहेर फेकली जायला लागली किंवा पट्टी प्रत्येक पावलाला वर उचलली जायला लागली, तर तो हार्नेस त्या पिल्लाचा नाही. समोरूनही पाहा. लीशला हलका ताण दिल्यावर कडी छातीच्या बाजूला, थेट काखेपर्यंत फिरत असेल तर आतल्या पट्ट्या सैल आहेत.

शेवटी घरातच, दार बंद करून, पिल्लासमोर उभं राहा आणि पुढच्या कडीला हलका ताण द्या, म्हणजे ते मागे सरकेल. घाबरलेलं पिल्लू रस्त्यावर नेमकं हेच करतं. डोकं सुटत असेल तर पट्ट्या पुन्हा जुळवा. हार्नेसची कडी गळ्यातल्या पट्ट्याला जोडणारी छोटी सुरक्षा-क्लिपही मिळते. भित्र्या पिल्लासाठी ती जरूर वापरा.

ही सगळी तपासणी दर आठवड्याला करायची आहे. तीन ते सहा महिन्यांच्या काळात वाढ इतकी झपाट्याने होते की मागच्या रविवारी दोन बोटं जात होती तिथे आज एकही जात नाही. काखेतले केस हाताने बाजूला करून पाहायची सवय लावा. केस तुटून खरखरीत झालेली जागा किंवा गुलाबी पडलेली कातडी ही पहिली खूण असते, पिल्लू कुरकुरतं ते त्याच्या बरंच नंतर.

कापड आणि बकलबद्दल फार बोलण्यासारखं नाही. काखेजवळ आणि छातीवर मऊ अस्तर हवं, शिवणी आतून टोचायला नकोत, कड्या धातूच्या हव्यात. जाड पॅडिंगचा भला मोठा हार्नेस दिसायला मजबूत असतो, पण ऊब धरतो, भिजला की लवकर वाळत नाही. डोक्यावरून काही घालून घ्यायला पिल्लू बिचकत असेल तर मानेवरही बकल असलेला प्रकार घ्या. काळोखात फिरत असाल तर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी हवी.

अंगावर चढवणं आणि शिकवणं

नवा हार्नेस आणला, धरून घातला आणि थेट रस्त्यावर नेलं, असं करू नका. आधी नुसता जमिनीवर ठेवा, पिल्लाने हुंगला की खाऊ द्या. मग मानेच्या घेरातून खाऊ धरा, म्हणजे ते आपणहून डोकं आत घालेल. बकल लावताना होणारा ‘टक्’ आवाज काही पिल्लांना दचकवतो, तो आधी लांबून ऐकवा. दोन-चार दिवस यात गेले तरी ते वाया जात नाहीत. घरात आल्यावर हार्नेस काढून ठेवा. अंगाला हवा लागते आणि दात येण्याच्या वयात पट्टी चावून तुटण्याचा धोकाही टळतो.

फिरताना दीड-दोन मीटरची साधी लीश वापरा. आपोआप गुंडाळली जाणारी लीश या हार्नेसबरोबर नको. तिच्यात ताण कायम असतो, आणि ताण असला तरी पुढे जाता येतं हाच धडा पिल्लू त्यातून शिकतं. लांब दोरी लावून मैदानात सोडायचं असेल तर ती फक्त मागच्या कडीला. पुढच्या कडीला लांब दोरी लावलेलं पिल्लू पूर्ण वेगात टोकाला पोचलं तर त्याचं अंग गर्रकन पिळलं जाईल.

शिकवण्याचा गाभा एवढाच: लीश सैल असेल तर पुढे जायचं, ताणली तर थांबायचं. पिल्लू वळून पाहतं, लीश सैल पडते, त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ. खाऊ पुढे हात करून देऊ नका. तुमच्या पँटच्या शिवणीजवळ, मांडीला हात टेकवून द्या, म्हणजे ती जागाच त्याला आवडायला लागते. लीशला हिसका देऊन वळवायचं नाही. पुढच्या कडीला दिलेला छोटा हिसकाही त्याच्या पुढच्या पायांचा तोल घालवतो. घरातल्या सगळ्यांनी हाच नियम पाळला पाहिजे. एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने ओढू द्यायचं असं झालं, तर पिल्लू फक्त कुणाबरोबर ओढायचं तेवढं शिकतं.

सहा महिन्यांनंतर, वयात येताना, चांगलं चालणारं पिल्लूही पुन्हा ओढायला लागतं. शिकवलेलं पुसलं गेलं असं समजून आणखी कडक साधन शोधायची घाई करू नका. पुन्हा पुढची कडी लावा, फेरी छोटी करा, खाऊ वाढवा. आणि ओढण्याबरोबर लंगडणं, फेरी मधेच थांबवून बसणं किंवा हार्नेस पाहिल्यावर लपणं सुरू झालं, तर आधी पशुवैद्यांना दाखवा.

गाडीत बसवायचा हार्नेस वेगळा असतो. फिरायच्या हार्नेसचे बकल आणि शिवणी अपघाताच्या धक्क्यासाठी बनवलेल्या नसतात, म्हणून तोच सीटबेल्टला अडकवून सुरक्षित समजू नका.

पुढची कडी सोडण्याची वेळ पिल्लूच दाखवतं. शांत रस्त्यावर पहिली काही मिनिटं लीश मागच्या कडीला लावून पाहा. सैल राहिली तर उद्या थोडी जास्त वेळ ठेवा, गर्दीच्या दिवशी निःसंकोच पुढची लावा. वाढ पूर्ण झाली की टेप घेऊन पुन्हा सगळी मापं घ्या. टिकाऊ, चांगला, कायमचा हार्नेस विकत घ्यायचा तो तेव्हा.